तिघींमधली जागा

१२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शेडचं काम संपलं. पिंजरे निघाले. खाली भुशाचा जाड थर, वर बसायला दांड्या, अंडी घालायला अंधारे खोके आणि चढायला लाकडी उतरण. कोंबडीला निदान पंख पसरता यावेत, हे मालकांना पटवताना जिभेला फोड यायचे बाकी होते.

पण त्या पंख पसरत नाहीत. पिंजऱ्यात चौघी-चौघी असायच्या, तशाच उभ्या आहेत. दोन चौकड्यांत वीतभर अंतर, जिथे जाळी होती तिथेच. चूक माझी. मोकळ्यावर वाढलेल्या आणायच्या होत्या, मी पिंजऱ्यातल्याच सोडल्या. महिनाअखेरपर्यंत वर चढल्या नाहीत, तर सगळ्या खाटकाकडे जातील, असं मालक म्हणाले.

मला तीन खोल्यांची क्वार्टर मिळाली आहे, आईला सांग. लोभ आहेच, तो असू द्या.

तुझी,
छोटी

१९ जुलै

चि. पदवीधर बाईसाहेबांस,
अ. उ. आ.

घरातली पहिली पदवी कोंबड्यांना जिना चढायला शिकवतेय, हे ऐकून बाबा पोट धरून हसले. आई हसली नाही. तीन खोल्यांत तू झोपतेस कुठे, असं तिने विचारलंय.

इथे आपल्या एका खोलीत आम्ही तिघं अजून तुझी जागा सोडूनच झोपतो. परवा मी तिथे पाय पसरले, तर आईने झोपेतच ते बाजूला सारले. वेळेवर जेवत जा.

तुझा,
दादा

२७ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भिंतीला चिकटून, कुशीवर झोपते. बाकी खोली रिकामीच असते.

काल एक कोंबडी मेली. तिच्या चौकडीतल्या तिघी त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दाणा टाकला तरी हलेनात. काय मनात आलं कोण जाणे, मी त्या जागेत उकिडवी बसले. तिघी मला येऊन चिकटल्या. मी गुडघ्यांवर उतरण चढू लागले, तशा त्याही चढल्या. मागे वळून पाहिलं, तर अख्खी शेड चढत होती, चौघी-चौघी, आवाज न करता.

बाबांना सांग, शिकल्या एकदाच्या. सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
छोटी

८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मालक खूश आहेत. खाटकाला नको म्हणून कळवलं. अंडी खोक्यांत मिळतात.

फक्त मी वर गेल्याशिवाय एकही चढत नाही. दिवे मंदावले की सगळ्या उतरणीपाशी येऊन दाराकडे बघत राहतात. परवा ताप होता म्हणून मी गेले नाही. त्या कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या आणि खालच्या गुदमरल्या. गडी म्हणाला, एकीनेही आवाज केला नाही. माझ्या तिघी तेवढ्या बाजूला होत्या, मधली जागा सोडून.

त्यामुळे पुढच्या आठवड्यात घरी येणं जमायचं नाही. आईला सांग, आता काळजी नको. वर दांडीशेजारी फळी टाकून घेतली आहे. तिघींमध्ये मी बरोबर मावते.

तुम्ही आता पाय पसरून झोपा. लोभ होताच, तो असू द्या.

छोटी