नववा नियम रद्द करण्याबाबत माझी शेवटची सूचना

मी, हार्लन ओटिस ब्रुबेकर, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त लेथ कारागीर, राहणार मिलर्सफोर्ड, ओहायो राज्य, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. ते ठिकाण नेमके कोणते, याबद्दल ऑगस्टपासून थोडा गोंधळ आहे. पण हा गोंधळ आजाराचा नसून नियमांचा आहे. यातला पहिला भाग डॉक्टरांनी तपासून सांगितला, दुसरा मी माझ्या पदरचा घातला. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. एक सप्टेंबरात केले होते आणि एक ऑक्टोबरात.

कलम १. राहते घर, मागचे अंगण आणि गॅरेज माझी एकुलती एक मुलगी रोझलिन हिला मिळावे. मागचे दार उन्हाळ्यात फुगते. ते आधी वर उचलावे आणि मग ढकलावे. नुसते ढकलून काही होत नाही, हे तिच्या नवऱ्याला सांगून मी थकलो.

कलम २. बँकेतली शिल्लक अंत्यविधीसाठी वापरून उरेल ती रोझलिनची. विधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण ठेवावे. कुस्करलेल्या बटाट्यांवर चिकन-नूडल्स घालतात तेच असावे. थंड सँडविचवर लोकांची बोळवण करू नये.

कलम ३. माझी लेथची हत्यारे गावातल्या तंत्रशाळेला द्यावीत. सूक्ष्म माप घ्यायचा मायक्रोमीटर मात्र कोणत्याही परिस्थितीत डॉर्सी हॅफ्नर याच्या हाती लागू नये. १९७९ साली त्याने तो मागून नेला आणि दोन फळ्या डिंकाने चिकटेपर्यंत आवळून धरायला वापरला. मी तेव्हा काही बोललो नाही. आता बोलतो.

कलम ४. आता लीग. आमच्या वकीलबाईंचे म्हणणे असे की लीग ही मालमत्ता नाही, तेव्हा ती मृत्युपत्रात घालू नये. सप्टेंबरच्या मृत्युपत्रात मी त्यांचे ऐकले होते. पण बाकीचे सगळे कलम ३ पर्यंत संपते आणि मला तर याच गोष्टीची काळजी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७४ पासून आम्ही बेसबॉलची लीग चालवतो, सुरुवातीला आठ जण होतो. मैदान नाही, चेंडू नाही. प्रत्येकाचा एक संघ, संघातल्या प्रत्येक खेळाडूचा पत्त्यांच्या डावात असतो तसा एक पत्ता, त्यावर त्याचे आकडे आणि दोन फासे. खेळाडू खरे नाहीत. दर हिवाळ्यात फासे टाकून नवे खेळाडू जन्माला घालतो, त्यांना नावे देतो. ते म्हातारे होतात, जखमी होतात, निवृत्त होतात, तेही फाशांवरच. प्रत्येक संघाचे वर्षाला ऐंशी सामने होतात. दर आठवड्याचे निकाल मी टाइप करून सगळ्यांना टपालाने पाठवतो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या तळघरात सभा भरते. माझ्या बायकोला, अर्लीनला, हे सगळे फार विचित्र वाटे. ती असेपर्यंत मला ते विचित्र वाटले नाही.

सभेत नियम बदलण्याच्या सूचना येतात. आमचा दुसरा नियम असा, की ज्याला नियम बदलायचा असेल त्याने तो बदल आधी एक संपूर्ण हंगाम स्वतःच्या संघावर लागू करावा, एकट्याने. मग मतदान. या नियमाने आमची लीग पन्नास वर्षे टिकवली आहे, कारण बोलघेवडे आपोआप गप्प होतात. डॉर्सीने एकदा सूचना आणली की लागोपाठ दोन दिवस चेंडू टाकणाऱ्याचा हात दुखावला पाहिजे. त्या हंगामात तो एकसष्ट सामने हरला आणि सप्टेंबरात त्याने सूचना मागे घेतली. मी स्वतः पाऊस आणला होता. दोन्ही फाशांवर सहा पडले की सामना वाहून गेला, पुन्हा पहिल्यापासून खेळायचा. ते वर्ष मी नाताळपर्यंत खेळत होतो.

कलम ५. माझा संघ रोझलिनला मिळावा.

कलम ५ रद्द. नवव्या नियमाप्रमाणे तो तिला मिळू शकत नाही. नियम असा: संघमालक मरण पावल्यास त्याचा संघ बरखास्त करावा आणि खेळाडू उरलेल्यांनी वाटून घ्यावेत. हा नियम माझाच आहे. १९८३ च्या जूनमध्ये मी तो मांडला.

कलम ६. दोन वर्षांपासून माझे हात थरथरतात, फासे टेबलाखाली जातात. तेव्हापासून रोझलिन दर रविवारी येऊन माझ्यासाठी फासे टाकते. खेळाडू कधी बदलायचा हे तिला माझ्यापेक्षा चांगले कळते. ऑगस्टमध्ये ती म्हणाली, "बाबा, तुमच्यानंतर हा संघ मला चालवायचाय. मला त्या म्हाताऱ्यांबरोबर बसायचंय." मी नियम दाखवला. ती म्हणाली, "मग बदला. तुमचाच आहे ना?"

मी बदलाची सूचना लिहून डॉर्सीकडे पाठवली. तो आमचा चिटणीस आहे. चार दिवसांनी ती परत आली, सोबत त्याचे पत्र. सूचना दुसऱ्या नियमाला धरून नाही, कारण मांडणाऱ्याने आधी एक हंगाम स्वतःवर प्रयोग केलेला नाही. वारशाच्या नियमाचा प्रयोग करायचा तर मला एक पूर्ण हंगाम मेलेले राहावे लागेल. आणि चौथ्या नियमाप्रमाणे मेलेला माणूस सभासद नसतो, म्हणून त्याची सूचना आपोआप निकालात निघते. "तुझ्या प्रकृतीला आराम पडो," असे खाली लिहिले होते.

मी तीन दिवस त्या पत्रापुढे बसलो. प्रयोग करण्यासाठी मरायला हवे, आणि मेलो की प्रयोग कोणाचा? कागदावर चौकोन काढले, बाण काढले. वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मिस्टर ब्रुबेकर, तुम्ही नीट जेवता आहात ना.

कलम ७. चौथ्या दिवशी मी जुनी इतिवृत्ते काढली. दुसरा नियम इतका कडक असताना माझा नववा नियम १९८३ मध्ये मंजूर कसा झाला, ते मला बघायचे होते. इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. तारीख अकरा जून. सूचना मांडली, अनुमोदन मिळाले, सात विरुद्ध शून्य मतांनी मंजूर, त्याच दुपारी. प्रयोगाचा उल्लेख नाही. असणार कसा? मी जिवंत होतो. मरणाच्या नियमाचा प्रयोग मांडणाऱ्याने करायचा असतो, हे आम्हा सातांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. डॉर्सीच्याही नाही.

म्हणजे नववा नियम कधी झालाच नव्हता. माझा संघ बिनदिक्कत रोझलिनचा. मला इतका आनंद झाला की मी उभ्या उभ्या अर्धी पेस्ट्री खाल्ली, चेरीची.

मग मला आठवले की अकरा जूनला ती सभा का बोलावली होती.

कलम ८. विलिस केगल हा माझा मित्र होता. आम्ही दोघांनी मिळून लीग सुरू केली. ३ जून १९८३ रोजी, त्याच्या संघाचे सदतीस सामने झाले असताना, तो गेला. त्याची बायको नोरीन सभेला आली. ती म्हणाली की उरलेले त्रेचाळीस सामने तिला खेळायचे आहेत, विलिसचे मनगट दुखायचे तेव्हा फासे तीच टाकायची. मी म्हणालो की दुःखाच्या भरात माणूस नीट खेळत नाही आणि लीगचे गांभीर्य राहत नाही. ती उठून गेल्यावर मी नववा नियम मांडला. दुसऱ्या दिवशी तिने सगळे पत्ते रबर लावून माझ्या दारात आणून ठेवले.

वाटणीत पहिला नंबर कोणाचा, यासाठी फासे टाकले. माझा आला. मी एझ्रा पेनीवेल उचलला. तो विलिसचा शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात चेंडू अडवणारा, वय तीस. विलिसने त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले होते. त्याच्या जोरावर त्या वर्षी मी लीग जिंकली. एकोणपन्नास हंगामांत मी तेवढी एकदाच जिंकली आहे. १९८५ मध्ये फाशांवर पेनीवेलचा पाय मोडला आणि तो संपला.

आता गोंधळ असा. नियम रोझलिनसाठी रद्द असेल तर तो नोरीनसाठीही रद्द होता. नियम आजपासून रद्द आणि तेव्हा मात्र लागू, अशी काही शब्दरचना होते का, ते मी पाहिले. ऑक्टोबरचे मृत्युपत्र त्या शब्दरचनेचे होते, सहा पानांचे. रोझलिनने ते वाचले. म्हणाली, "बाबा, मला असा संघ नको. तुम्ही आधी तिच्याकडे जा."

मला जायचे नव्हते. चाळीस वर्षे मी नोरीनला किराणा दुकानात नुसती मान हलवून दाखवतो.

कलम ९. गेल्या गुरुवारी दुपारी मी गेलो. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, त्याच घरात राहते. मी उभ्यानेच सगळे सांगितले, दुसरा नियम, नववा नियम, अकरा जून, आणि म्हणालो की संघ तुझा होता, मी तो काढून घेतला, माझे चुकले. तिने एक खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "बस. कोट काढ."

तिने एक शाळकरी वही आणली. पत्ते माझ्या दारात ठेवण्याआधी तिने त्यांची नक्कल करून ठेवली होती. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस सामने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळली होती, आणि पुढचे हंगामही. विलिसचा संघ त्या वर्षी चौथा आला. मी विचारले, समोरच्या संघांत कोण खेळते, कोण जखमी आहे, हे तुला कसे कळायचे?

"तुझ्या पत्रकातून. दर मंगळवारी यायचं," ती म्हणाली.

मला काही कळेना. पत्रक फक्त सभासदांना जाते.

"पाकिटावर त्याचं नाव असायचं. विलिस केगल, टाइप केलेलं. बाकी त्याच्या नावाने काही येईनासं झालं होतं. एक्क्याण्णवपर्यंत आलं, मग बंद झालं." तिने वहीवर हात ठेवला. "सभेत तसं वागलास, पण हे पाठवत राहिलास. मला वाटायचं, हार्लनला तोंडाने माफी मागता येत नाही, म्हणून असं करतो. मुद्दाम पाठवायचास ना?"

१९९१ मध्ये मी नवा टाइपरायटर घेतला आणि टपालाच्या पत्त्यांची यादी नव्याने टाइप केली, हे मला नक्की आठवते. त्याआधी आठ वर्षे ते नाव मी यादीतून काढायला विसरलो होतो, की काढवत नव्हते, हे मला आठवत नाही. हो म्हणणे सोपे होते. मला हो म्हणायचे फार मनात होते. मी म्हणालो, "नोरीन, मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही."

ती म्हणाली, "बरं." आणि कॉफी ओतली. मला रडू आले, ते इथे लिहून ठेवतो, कारण डॉर्सी वाचणार आहे.

जाताना तिने वहीतले एक पान दाखवले. एझ्रा पेनीवेलचे. "तुझ्याकडे त्याचा पाय मोडला. पत्रकात वाचलं मी. माझ्याकडे तो अडतिसाव्या वर्षापर्यंत खेळला. अजूनही खेळला असता. पत्रक थांबलं म्हणून त्याला निवृत्त केला."

कलम १०. यास्तव माझी इच्छा पुढीलप्रमाणे. नववा नियम कधीही अस्तित्वात नव्हता, असे फेब्रुवारीच्या सभेत उभे राहून वाचून दाखवावे. माझा संघ रोझलिनचा. विलिसचा संघ नोरीनचा, वहीत आहे तसा. नोरीनला टेबलाशी खुर्ची द्यावी. बर्फात ती एकटी येणार नाही, रोझलिनने तिला गाडीतून आणावे.

कलम ११. १९८३ चे माझे विजेतेपद खोडावे. त्या वर्षी कोण जिंकले, हे मला सांगता येत नाही. डॉर्सी म्हणतो, तो दुसऱ्या क्रमांकावर होता, म्हणजे तोच जिंकला. तसे असेल तर त्याला या मृत्युपत्रातून लाभ होतो आणि तो साक्षीदार राहू शकत नाही. वकीलबाई म्हणतात, विजेतेपद ही मालमत्ता नाही, त्याने खुशाल सही करावी. मी दोघांशीही वाद घालत नाही.

कलम १२. एझ्रा पेनीवेल याचा पाय १९८५ मध्ये मोडला, ही लीगच्या वहीतली नोंद चुकीची समजावी. तो १९९१ पर्यंत विलिस केगलच्या संघातून खेळला.

कलम १३. साप्ताहिक पत्रक नोरीनच्या घरी या मंगळवारपासून पुन्हा सुरू होत आहे. माझ्यानंतर ते पाठवायची जबाबदारी रोझलिनची. पाकिटावर नाव विलिसचे टाकू का, असे मी नोरीनला दारात विचारले. ती म्हणाली, "नको. आता माझं टाक."

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, समजेल तेवढे समजून, खालील दोघांच्या देखत सही करून दिले आहे.

हार्लन ओटिस ब्रुबेकर

साक्षीदार
१. डॉर्सी एल. हॅफ्नर, चिटणीस (मायक्रोमीटरबाबतचा मजकूर मान्य नाही)
२. बीआट्रिस नॉल, शेजारीण

स्थळ: मिलर्सफोर्ड, ओहायो
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३, मंगळवार