अलार्मचा पत्ता

बेंगळुरू, १४ नोव्हेंबर

श्रीवत्स भावोजींना सिंचनाचा नमस्कार.

अक्काने पाठवलेले ओब्बट्टू पोचले, पुरण छान झालं होतं. तुमची केबिन हाकेच्या अंतरावर असताना पत्र लिहिते आहे, कारण तोंडी बोलायला गेलं की ‘आधी कॉफी घे गं’ म्हणून तुम्ही मला गप्प करता.

कालच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालात, “नवी चिपच भिकार आहे. चिप चालवणारा माझा ड्रायव्हर प्रोग्राम वर्षानुवर्षं चाललाय, मेहुणीबाई!” कंपनी तुमची, म्हणून सगळे हसले. मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

चिप भिकार नाही. जुन्या चिपच्या माहितीपुस्तिकेत रजिस्टरचं, म्हणजे हुकूम घेणाऱ्या जागेचं, अंतर घरांत मोजलेलं होतं, एका घरात चार बाइट. नव्या पुस्तिकेत ते थेट बाइटमध्ये दिलंय. तुमच्या प्रोग्रामची ओळ अजून घरंच मोजते, म्हणून सोळाव्या बाइटवर थांबायचं सोडून चौसष्टाव्यावर जाऊन पडते. तिथे काहीच नाही. अलार्म चालू करायचा हुकूम रिकाम्या जागी जातो आणि चिप हूं की चूं करत नाही. सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा आला तरी आपला पंप गप्प! माणूस मरेल, भावोजी.

पुस्तिकेचं एक पान उलटायचं होतं. ते सोडून तुम्ही चाचणीतून अलार्मच वगळलात. वर अक्काचा मला फोन: “चाचणीच्या अहवालावर सही करून टाक ना गं, घरातलंच तर आहे सगळं.”

ड्रायव्हर लिहायला मी तुमच्याकडेच शिकले. ‘पत्ता पुस्तिकेतून घ्यायचा, आठवणीतून नाही’ असं दरडावणारा माणूस तो हाच का?

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. हुबळीच्या हॉस्पिटलला नमुन्यादाखल दिलेले पंप चक्क पेशंटना लावलेत, हे आज सकाळी कळलं. मी तिथल्या मेट्रनबाईंना फोन करून ते काढायला लावले. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला, “एका आजोबांच्या नळीत बुडबुडा होता हो. तुमचा पंप काही बोलला नाही.” आजोबा वाचले.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, “तुमच्या मालकांना हे माहीत आहे ना?” मी हो म्हटलं. हे पत्र तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे आता ते खरं आहे.

अक्काची, आणि अजून तरी तुमचीही,
सिंचना