तुमी म्हनान ते

३ फेब्रुवारी, सोमवार
फज्जा! चौथीच्या वर्गात आज मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं — रोजचा शेवटचा तास तुमचा. चित्र काढा, गोष्टी वाचा, बागेला पाणी घाला, मनाला येईल ते करा. मला वाटलं, आता वर्ग डोक्यावर घेतील. सगळे आपले हाताची घडी घालून गप्प! शेवटी प्रतीक्षा उठली — "मॅडम, यातलं कोन्तं बरोबर हाय?"
सगळंच बरोबर आहे म्हटलं, तर कोणाचा विश्वासच बसेना.

५ फेब्रुवारी
शिवमने पहिली निवड केली. खिचडीचं पातेलं घासणार! घासलं कमी, खरडून खाल्लं जास्त. चालेल.
हेडमास्तर उत्तमराव सर दारातूनच — "कुंदा मॅडम, पोट्टे डोक्यावर बसतीन हो." बसू देत. अमरावतीला आई अजून माझ्या साडीचा रंग ठरवते. यांना तरी लवकर आपलं आपण ठरवता येऊ दे.

१४ फेब्रुवारी
वर्गाला आता चटक लागलीय. एक आचल सोडून. आज काय करणार गं? रोज तेच — "तुमी म्हनान ते." चित्र काढतेस? "तुमी म्हनान तं." डोकं फिरतं माझं! एवढी हुशार पोरगी, गणितात चूक म्हणून नाही, आणि स्वतःचं असं काही मागणारच नाही.
आज मीही हट्टाला पेटले. म्हटलं, मी काहीच म्हणणार नाही जा. बसली तशीच. मीही बसले. मग हळूच कागद ओढला आणि आगगाडी काढली. डबे काढतच सुटली. कागद संपला तर शिवमचा घेऊन जोडला! रंग छान भरलास म्हटलं तर इतकी हसली. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार
आचलची आजी दुर्गाबाई आल्या होत्या. "पोरीले पाचवीले धामनगावले धाडतो आमी, मामाच्या घरी. तिच्या बापानं ठरोलं."
आमची शाळा चौथीपर्यंत हे खरं, पण हिवरखेडचं हायस्कूल जवळच आहे की! मी तिथेच खोली करून राहते. संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला आली असती. आता कुठे पोर तोंड उघडायला लागलीय, आणि तिला कोणी विचारलंसुद्धा नाही!
न राहवून बोलूनच टाकलं — आजी, तिला विचारा आणि ती म्हणेल तसं करा. दुर्गाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "पोरीले काय इचारा लागते, बाई?" पण जाताना म्हणाल्या, "पाहू. सांगून पाहतो तिच्या बापाले."
विचारू तर देत. ती इथेच राहते म्हणणार. मला खात्री आहे.

२३ फेब्रुवारी
रविवार. उगाच खोलीतलं टेबल खिडकीपाशी सरकवलं. दोघींना पुरेल.

८ मार्च, शनिवार
वनभोजन! गवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे! सगळं मुलांनी ठरवायचं, कोणी काय आणायचं तेसुद्धा. मी बोटही लावणार नाही, अशी माझी शेखी. शेतात जाऊन पिशव्या उघडल्या. कणीक आहे, डाळ आहे, वांगी आहेत. आणि मीठ? मीठ अर्ध्या वर्गाने आणलेलं! आणायला सगळ्यात सोपं तेच ना. गवऱ्या मात्र कोणीच नाही आणल्या. आता रोडगे भाजायचे कशावर? सर मिशीतल्या मिशीत हसत होते. पोरं एकमेकांवर ढकलत होती. मी ओठ घट्ट मिटून उभी.
आणि बघते तर आचल गायब! जीव नुसता वरखाली. सरांना हाका, मुलांना हाका... एवढ्यात बांधावरून येताना दिसली. डोक्यावर गवऱ्यांचं टोपलं.
"कोणाला विचारून गेलीस?"
"कोनालेच नाई."
रागवायला हवं होतं. मी तिला मिठीच मारली, टोपल्यासकट! गवऱ्यांचा चुरा अजून केसांत आहे. रोडगे एका बाजूने करपले, वरण खारट झालं. सरांनी तरी पुन्हा वाढून घेतलं.

१२ एप्रिल
आचलला घरी अजून कोणी विचारलेलं नाही म्हणे. मीही काही सुचवणार नाही. तिचं तिला ठरवू दे. पण जीभ आवरता आवरता जीव जातो!

१ मे
निकाल लागला. दुर्गाबाई आल्या — "इचारलं बाई पोरीले. धामनगावलेच जातो म्हनते."
आचलला बाजूला घेतलं. का गं?
"तिथं दिवसभर रेल्वे दिसते, मॅडम." मग खाली पाहून म्हणाली, "तुमी थांब म्हनलं असतं तं थांबली असती. पन तुमी काईच नाई म्हनलं."
डोळे भरून आले. बरं केलंस, म्हटलं. खरंच म्हटलं.
शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत पळत आली. "मॅडम, तुमी यान का तिकडं मले भेटाले?" मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाली — "राहू द्या. तुमचं तुमी ठरवा."