घर पाहावं मे महिन्यात

हुडकेश्वर रोड, नागपूर
रविवार

प्रिय वैभवी,

पत्र पाहून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर बोलायला गेलं की तू ‘काकू, जेवलात का’ विचारून विषय बदलतेस, आणि व्हॉट्सॲपवर चार ओळींच्या वर लिहिलं की तुझ्याकडून नुसता अंगठा येतो. म्हणून म्हटलं, कागदच बरा. उमरेडच्या डेपोत तिकिटाच्या खिडकीमागे बसून मी जन्मभर लोकांना एका वाक्यात उत्तरं दिली. आता या वयात लांबण लावायची हौस आली आहे, तेवढी सोसून घे.

या घरातली पहिली दिवाळी झाली. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत येतं, आणि कूलर जुन्या चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवून दिला आहे. शेजारच्या रुखमाबाई मी राहायला आले त्याच आठवड्यात वडाभात घेऊन आल्या आणि वाटी खाली ठेवायच्या आत विचारून मोकळ्या झाल्या, की घर कोणी शोधून दिलं. मी म्हटलं, सुनेनं. मग सून कुठं असते, हे आलंच. तेव्हा सांगावं लागलं की आता कोर्टाच्या कागदाप्रमाणे ती माझी कोणी नाही; पोरगा हैदराबादला दुसऱ्या संसारात आहे, आणि ही इथं नागपुरात एकटी राहून नोकरी करते. रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, आमच्या इकडे तं नांदत्या सुनाही सासूले घर शोधून देत नाही वं बाई. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, वडाभात दोनदा घेतला.

हे गेले आणि उमरेडचं घर दिरांशी वाटणी होऊन विकलं गेलं, तेव्हा सुशील म्हणाला, आई, इकडेच राहा. राहून पाहिलं. श्वेता वाईट नाही, खोटं कशाला बोलू, पोरगी जेवायला वेळेवर वाढायची. पण त्या घरात साधा चहाचा डबा शोधायचा तरी मला कोणाला तरी विचारावं लागायचं. मला माझं घर हवं होतं, नागपुरात, दोन खोल्यांचं असलं तरी चालेल. म्हणून इथं भाड्यानं एक खोली घेतली आणि घर शोधायला लागले. पेच एकच होता. ह्यांची खाणीतली पेन्शन आणि माझी एसटीची, दोन्ही एका ताटात वाढल्या तरी ताट भरत नाही. महिन्याची ठरलेली रक्कम मी कशीही बसवीन, पण उद्या कोणी दारात येऊन म्हणालं की गच्ची गळते आहे, मोटर जळाली आहे, प्रत्येकानं जादाचे इतके हजार काढा, तर मला सुशीलला फोन लावावा लागला असता. त्यानं दिलेही असते. पण असा फोन एकदा लावला की दुसऱ्यांदा तो म्हणाला असता, आई, हे घर विकून टाक आता. मला तो पहिला फोनच लावायचा नव्हता.

म्हणून रुपराव दलालानं जानेवारीत बेसा रस्त्यावरचा तो फ्लॅट दाखवला तेव्हा मी हुरळून गेले. मेंटेनन्स म्हणजे नावालेच आहे काकू, म्हणाला, महिन्याच्या चहापत्तीइतका समजा. गुलाबी थंडी, जिन्यात ऊन, खाली कुंड्या. मी तिथल्या तिथे होकार दिला आणि पेढे घेऊन तुझ्याकडे आले. तू दुसऱ्या दिवशी येऊन सगळं पाहिलंस, नळ सोडून पाहिलास, खालच्या टाकीवर वाकलीस, आणि म्हणालीस, काकू, आपण मे महिन्यात दुपारी पुन्हा येऊ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जानेवारीत तर नागपूरचं स्मशानही राहायला बरं वाटेल, असं तू वर म्हणालीस. रुपराव म्हणाला, मे महिन्यापर्यंत ठेवाले हे काय लोणचं आहे का, अन् ह्या पोरीच्या नादी लागान तं भाड्याच्याच घरात म्हातारपण काढान. मी घरी येऊन आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र रोज फोन करत राहिलीस. मी उचलून नुसतं ‘हं’ म्हणायची. तेवढ्यात फ्लॅट दुसऱ्या कोणी घेतला, आणि मी रुपरावाजवळ म्हटलं की सुनेनं माझा घास काढून घेतला. त्यानं ते तुला सांगितलं असणार, तो काही पोटात ठेवणारा माणूस नाही. तू कधी विषय काढला नाहीस.

मग आला मे. तू सुट्टी टाकलीस. भर दुपारी मला स्कूटरवर मागे बसवलंस, डोक्याला ओढणी अशी आवळलीस की फक्त डोळे उघडे, आणि पर्समध्ये कांदा टाकलास, लू लागू नये म्हणून. मी म्हटलं, या वयात मला चोरी करायला नेतेस की काय. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आधी तू त्याच बेसा रस्त्यावरच्या इमारतीत नेलंस. माझा राग गेला नव्हता, म्हणून मी खालीच उभी राहिले, आणि बरंच झालं. दारात टँकर लागला होता, आणि अख्खी इमारत बादल्या-पिंपं घेऊन त्याच्याभोवती भांडत होती. खालचे म्हणत, वरच्यांकडे दोन-दोन कूलर आहेत, सगळं पाणी कूलरच पिऊन राहिले. वरचे म्हणत, तुम्ही गाड्या धुता ते. सेक्रेटरी गॅलरीतून ओरडून सांगत होते की बोअर आटली, टँकरची वर्गणी याच आठवड्यात द्या, आणि नवीन बोअरसाठी प्रत्येक घरामागे वेगळी. मेंटेनन्स चहापत्तीइतका होता तो यासाठी, की कोणी कशासाठी काही बाजूलाच ठेवत नव्हतं. मोडलं की मग सगळ्यांच्या घरी हात पसरायचे. ज्या जोडप्यानं ‘माझा’ फ्लॅट घेतला होता, ती दोघं पायरीवर बसली होती, बायकोच्या मांडीवर रिकामी बादली. ती जागा माझी होती.

परतताना तू रसवंतीवर थांबलीस. मी विचारलं, तुला हे सगळं कसं कळलं वं. तू उसाचा रस ढवळत सांगितलंस, की आमच्या घरातून निघाल्यावर तू एकामागून एक भाड्याच्या घरांत राहिलीस, आणि प्रत्येक उन्हाळ्यात मालकानं टँकरची वर्गणी तुझ्याच माथी मारली. एका घरी तर पाणी पहाटे यायचं, आणि ऑफिसला जायच्या आधी तू खालून बादल्या वर न्यायचीस. तू हे हसत सांगितलंस. मी हसले नाही. त्या दिवसांत मी उमरेडला बसून सगळ्यांना सांगत होते की वैभवी मजेत आहे, फोन येतो तिचा. आणि तू जे एकटीनं सोसून शिकलीस, ते सगळं माझ्या उपयोगी आणलंस. पोरी, मी तुझे आभार कधी मानले नाहीत, कारण घरच्या माणसाचे मानत नाहीत असं मला वाटायचं. आता मानते.

त्या महिन्यात आपण काय काय पाहिलं. ती पोहण्याच्या तलावाची सोसायटी आठवते? तलाव कोरडा, त्यात एक कुत्रं झोपलेलं, आणि महिन्याचा मेंटेनन्स ऐकून मी तिथल्या वॉचमनला विचारलं होतं की यात जेवणही येतं का. तू मला हाताला धरून बाहेर काढलंस. मग मानेवाड्याकडची ती लिफ्टवाली, जिथं लिफ्ट बंद होती आणि दुरुस्तीवरून दोन मजले एकमेकांशी बोलत नव्हते. मी थकून म्हटलं, जाऊ दे, मी हैदराबादलाच जाते. तू म्हणालीस, अजून एक पाहू, माझ्यासाठी.

ती ही. लिफ्ट नाही, रंग जुना, फाटकाला गंज. रुपराव तर म्हणाला होता, तिकडे काय पाहता, तिथले लोक कंजूस आहेत. पण मे महिन्याच्या भर दुपारी आवारात पूर्ण शांतता. सेक्रेटरी वामनराव बनियनवरच बाहेर आले, माठातलं पाणी दिलं, आणि आपण त्यांना विचारायच्या ऐवजी त्यांनीच आपल्याला विचारायला सुरुवात केली, जसे काही मुलगी पाहायला आले आहेत. कूलर किती आणाल? गच्चीवर कुरडया वाळवाल तर पाणी सांडाल का? विहीर उपसायले याल का? मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं असेल. मग त्यांनी मागं नेऊन विहीर दाखवली. बिल्डर बुजवणार होता, यांनी बुजवू दिली नाही. पावसाचं सगळं पाणी गच्चीवरून तिच्यात सोडलं आहे, आणि दर अक्षय तृतीयेच्या आधी सगळी बिऱ्हाडं मिळून गाळ उपसतात, बँकेतला साहेब असो की भाजीवाला. ज्याला उतरता येत नाही त्यानं दोर ओढायचा, दोर ओढवत नाही त्यानं पन्हं करायचं. कूलर भरायच्या पाळ्या लावलेल्या, खालचे सकाळी, वरचे संध्याकाळी. मेंटेनन्स चहापत्तीइतका नाही, चहा-नाश्त्याइतका आहे, पण त्यातला एक वाटा दर महिन्याला मोठ्या कामांसाठी वेगळा पडतो. गच्ची दोन वर्षांपूर्वी नवी केली, आणि कोणाच्या दारात कोणी वर्गणी मागायला गेलं नाही. तू एकटी गच्चीवर जाऊन, कुठं भेग लागते का ते चाचपत उघड्या पायांनी सगळीकडे फिरून आलीस, पाय भाजले तुझे. खाली येऊन फक्त मान हलवलीस.

आता ऐक, पावसाळ्याच्या सभेत वामनरावांनी पुढच्या उन्हाळ्याच्या कूलरच्या पाळ्या माझ्याकडे दिल्या. म्हणाले, काकू खिडकीवर बसलेल्या आहेत, रांग कशी लावायची त्यांना ठाऊक. दुसऱ्या मजल्यावरच्या गोपाळरावांनी आत्तापासूनच माझ्याशी गोड बोलायला सुरुवात केली आहे, त्यांच्याकडे छुपा दुसरा कूलर आहे असा मला संशय आहे. सुशीलचा फोन येतो, मी त्याला हे किस्से सांगते, तोही हसतो. आता आम्ही दोघं मोकळं बोलतो, कारण मला त्याच्याकडून काही नको असतं. हेही तुझ्यामुळेच झालं.

फक्त एक गोष्ट मला खटकत होती. दिवाळीला तू फराळ पाठवलास, पण आली नाहीस. त्याआधी दर रविवारी यायचीस, ते थांबलं. मला वाटलं ऑफिसचं काम असेल. मग वाटलं, माझंच काही चुकलं. मग वाटलं, घर मिळालं, तिचं काम संपलं, आता ती कशाला येईल. रविवारी दोन कप मांडायची सवय काही गेली नाही.

परवा तुझे बाबा सावनेरहून तुरीच्या शेंगा घेऊन आले. ताराचंदभाऊ आणि मी, आमचं कधी बिनसलं नाही, तुमचं मोडल्यावरही नाही. चहा घेता घेता ते म्हणाले, फेब्रुवारीत तुम्ही आल्या पाहिजे ताई, पोरीले आई नाही. मी विचारलं, फेब्रुवारीत काय? त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्यांना वाटलं होतं तू मला कधीच सांगितलं असशील. मग त्यांनी सगळं सांगितलं. आयुष तुझ्याच ऑफिसातला आहे, शांत आहे, त्याच्या घरच्यांना पहिल्या लग्नाचं माहीत आहे. पण तू म्हणतेस, काकूले कोणत्या तोंडानं सांगू, त्यांच्या मनाला लागेल; आणि सासरी पहिल्या सासूची ओळख काय म्हणून करून देऊ. म्हणून हळूहळू येणंच बंद करावं, असं तू ठरवलंस. ते ऐकून मी आधी रडले, तुझ्या बाबांसमोरच, मग तुझ्यावर चिडले, आणि मग वर वामनरावांकडे गेले. आपल्या सोसायटीत गच्ची बाहेरच्यांना भाड्यानं देतात, पण सभासदाच्या मुलीच्या हळदीला फुकट. मी त्यांना फेब्रुवारीची तारीख सांगितली. त्यांनी विचारलं, मुलीचं नाव? मी तुझं सांगितलं. रुखमाबाई मागेच उभ्या होत्या, त्यांना सगळं ठाऊक आहे, तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. उलट जात्यावर हळद दळायची जबाबदारी घेतली. म्हणतात ना, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. घराचं तू पाहिलंस, लग्नाचं मी पाहते. आयुषच्या घरच्यांनी विचारलं की ह्या कोण, तर सांग, मी सणाला जाते ते घर ह्यांचं. पहिल्या दिवाळसणाला जावयाला इथंच आणायचं, सावनेरला दुसऱ्या दिवशी. आणि येत्या रविवारी ये, साड्या पाहायला इतवारीत जायचं आहे, माझ्या एकटीच्यानं रंग ठरत नाहीत.

तुझीच,
माहेरची कौसल्या