खिडकीतल्या बाईचं वाक्य

रविवार, दिवेलागण

जुन्या मालिकांच्या ग्रुपवर आज उगाच हट्टाला पेटलो. विषय लहानपणी पाहिलेल्या गुप्तहेर मालिकेतल्या एका काळोख्या भागाचा. गुप्तहेर खांबाच्या दिव्याखाली उभा असतो आणि वर खिडकीत ती बाई. मी लिहिलं, शेवटी ती त्याला म्हणते, ‘मला इथनं घेऊन जा.’

मोडनिंबचे एक मास्तर ग्रुपवर आहेत. ते म्हणाले, ‘ती कुटं बोलते? नुसतं संगीत हाय की तितं.’ मी त्यांना वेड्यात काढलं. त्यांनी तो भागच पाठवून दिला.

हेडफोन लावून चार वेळा पाहिला. खिडकीतल्या बाईचे ओठ हलतच नाहीत.

खरं तर तेव्हा आम्ही काही ऐकलंच नव्हतं. घरातच यंत्रमाग, त्या खडखडाटात टीव्ही कुठला ऐकू येणार? मागावरची माणसं ओठ बघूनच बोलणं ओळखतात. आई त्यात पटाईत. पडद्यावरचं बोलणं ती माझ्या कानाला लागून आमच्या घरच्या तेलुगूत सांगायची. वडील दोन हातांवर दुसऱ्या मागाशी उभे असायचे.

ते वाक्यही तिनंच सांगितलं. मी विचारलं होतं, ‘कुणाला म्हणते?’ ती उठून मागाकडे गेली.

आता विचारायला आई नाही. मास्तरांना लिहिलं, ‘तुमचं बरोबर, ती बाई बोलत नाही.’ बोललं कोण, ते ग्रुपवर कशाला?

घरात सगळ्यांना ओठ वाचता यायचे. वडिलांनाही, मलाही. पण मी पडद्याकडे बघत होतो; ते वाक्य बोलताना आई कुणाकडे बघत होती, ते पाहिलंच नाही.