वेवजीच्या डोंगरावरच्या पट्ट्या

६ जानेवारी, सोमवार

साठीच्या पुढे प्रवेश नाही म्हणे! वेवजीच्या डोंगरावर दोन फेब्रुवारीला शर्यत आहे. पायथ्यापासून वर, माथ्यावरून पलीकडे आणि पाड्यातून वळसा घालून परत. मसोलीच्या नाक्यावर फलक लागला आहे. त्यावर एक पोरगी हवेत उडी मारते आहे, आणि खाली बारीक अक्षरांत हे. बारीक अक्षर मला चष्म्याशिवाय दिसतं, हेही त्यांना कळवायला हवं.

सासष्ट वय म्हणजे काय, पणजी झाले का मी? रोज सकाळी नरपडच्या सुरूच्या झाडांपर्यंत पळत जाऊन येते. आयुष्यभर रेल्वेच्या तिकीट खिडकीत बसले. त्या खुर्चीने माझी कंबर घेतली होती, ती मी पळून परत मिळवली. कोणाच्या मेहरबानीने नाही.

उद्या आयोजकाला गाठते.

७ जानेवारी, मंगळवार

आयोजक म्हणजे जिग्नेश. टायरच्या दुकानात बसतो, तिशीचा आहे, पोट माझ्यापेक्षा मोठं. मला बघून आधी खुर्ची पुढे केली, मग पाणी मागवलं. त्यावरूनच ओळखलं काय होणार ते.

"आंटी, डोंगर आहे. पडला-बिडला तर जबाबदारी कोणाची?"

"माझी. पडणार मी, तर जबाबदारी दुसऱ्या कोणाची असेल?"

"तुम्ही टाळ्या वाजवायला या ना. पाण्याच्या टेबलावर उभे राहा. टी-शर्ट पण देऊ."

टी-शर्ट! मी त्याला सांगितलं, कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टर बेनेडिक्टा रोज ओरडायची, मुक्ता, व्हरांड्यात पळायचं नाही. नंतर सासू म्हणायची, सूनबाई, जिन्यावर धावू नका. नंतर स्टेशन मास्तर. ते सगळे आता गेले. आता तू नवीन उगवलास का?

शेवटी तोडगा निघाला. डोंगरावर वाट दाखवायला पट्ट्या बांधायच्या आहेत, आणि त्याच्या ग्रुपमधली पोरं शनिवार-रविवार सोडून फिरकत नाहीत. ते काम मी करायचं. आणि शर्यतीत सोबत कोणीतरी घ्यायचं, एकटीने पळायचं नाही. मग नाव घालतो म्हणाला.

मान्य. शैलेशला फोनवर सांगितलं. पुण्याहून म्हणाला, "आई, तू योगासनं का नाही करत?" मी फोन ठेवला. पोटचा मुलगा!

९ जानेवारी, गुरुवार

सोबत मिळाली. चंद्रावती.

वीस-पंचवीस वर्षं माझ्या दारात मासळी देते. नरपडची. डोक्यावर पाटी घेऊन इतकी चालली आहे की तिच्या पोटऱ्या बघून जिग्नेशने लाजावं. शुगर निघाल्यावर डॉक्टरने चालायला सांगितलं, तेव्हा हिला हसू आवरेना. म्हणाली, "मंग मी आतापर्यंत काय करत होते गो?"

शर्यतीचं सांगितलं तर पहिला प्रश्न, "वर काय मिळतं?"

"काही नाही. वर जायचं आणि खाली यायचं."

"आनि लोकं त्याचे पैसे भरतात?"

बराच वेळ बोंबील उलटत राहिली. मग म्हणाली, त्या रविवारी भांग आहे, म्हणजे भरती लहान, समुद्र मंद, जाळ्यात फार काही येणार नाही. येते. पन लुगडं बदलणार नाय, कासोट्यावरच पळणार.

म्हटलं, तू कासोट्यावर पळ, मी पँटवर पळते. बघू कोण दमतं.

१३ जानेवारी, सोमवार

आज डोंगर बघून आलो, दोघी. रिक्षाने तलासरी, तिथून जीपने वेवजी. पायथ्याशी करंजपाडा आहे. कुडाची घरं, अंगणात भाताची उडवी, कोंबड्या. तिथून वाट वर जाते, सागवानातून. मध्ये एक कातळाचा उतार आहे, तिथे हात टेकायला लागले. माथ्यावर वारा असा की ओढणी सोडून द्यावीशी वाटली. पश्चिमेला समुद्राची रेघ. चंद्रावती तिच्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "एवढासाच हाय होय."

उतरताना गुडघ्याने तक्रार केली. त्याला सांगितलं, तुझं काही ऐकणार नाही.

१५ जानेवारी, बुधवार

पट्ट्या बांधल्या! जिग्नेशने नारिंगी प्लास्टिकच्या पट्टीची गुंडाळी दिली होती. प्रत्येक वळणावर, छातीच्या उंचीवर, लांबून दिसेल अशी. पाड्यामागची शेतं, बांधावरची करंजाची झाडं, मग सागवान, कातळ, माथा. चंद्रावती झाड धरायची, मी गाठ मारायची. सगळीकडे सारखी गाठ, सारखी शेपटी. शिस्त म्हणजे शिस्त.

पाड्यातल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. मी हात हलवला. कोणी हलवला नाही. संकोची असतात, म्हटलं.

अंग ठणकतंय. झकास वाटतंय.

१८ जानेवारी, शनिवार

चोरी!

सरावाला गेलो तर एक पट्टी नाही. एकही! वाऱ्याने गेल्या म्हणावं तर गाठीसकट जातील का? मी मारलेली गाठ आहे ती. जिग्नेशला फोन केला तर म्हणतो, "आंटी, गाई खातात." गाई छातीच्या उंचीवर चरतात का रे? म्हणे, मग माकडं.

परत बांधल्या. या वेळी दुहेरी गाठ.

२० जानेवारी, सोमवार

आठवडी बाजारात गेले होते, वालपापडी घ्यायला. समोरून एक शेळी आली. गळ्यात माझी पट्टी! दुहेरी गाठ तशीच.

शेळीच्या मालकिणीला म्हटलं, हे कुठून आणलंस? ती मला खालून वर बघून म्हणाली, "तूच ना ती बांधनारी?" आणि शेळी ओढून निघून गेली. मागून हाक मारली तर वळलीसुद्धा नाही.

संतापाने वालपापडी विसरले.

२२ जानेवारी, बुधवार

काय लिहू. हसावं की तोंड लपवावं, कळत नाही.

तलासरीत मोर्चा निघाला. तहसील कचेरीवर. करंजपाडा, शेजारचे दोन पाडे, बायाबापड्या, म्हातारे, घोषणा, सगळं. मागणी: डोंगराची मोजणी थांबवा.

कुठली मोजणी? तहसीलदार बिचारा म्हणतो, माझ्याकडे कागदच नाही. तर पुढच्या बायकांनी पुरावे टेबलावर टाकले. ओंजळभर नारिंगी पट्ट्या.

जिग्नेशचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज चिरकला होता. "आंटी, आपला रेस कॅन्सल होणार. परमिशन थांबवली."

मोर्चा माझ्यामुळे निघाला आहे, तर तिथे मीच जायला हवं.

२३ जानेवारी, गुरुवार

करंजपाड्यात गेले. चंद्रावती सोबत. तिने पाटीत सुके बोंबील घेतले होते. "रिकाम्या हाताने भांडायला जाऊ नये," म्हणाली.

करंजाखाली सगळे बसले होते. बोलणारा मुख्यतः लाहू. माझ्याच वयाचा असेल, किडकिडीत, डोक्याला टॉवेल. मी उभी राहून भाषण सुरू केलं तर म्हणाला, "बाय, बस आधी." बसले.

त्याने सांगितलं ते असं. काही वर्षांपूर्वी खालच्या पाड्यात अशाच पट्ट्या लागल्या. शहरातली दोन माणसं आली, हसली, झाडांना पट्ट्या बांधून गेली. लोकांनी चहा पाजला. मग चुना पडला, मग खुंट्या आल्या, मग तीन पायांवरचं यंत्र. मग त्या पाड्यातून रस्ता गेला. आता खालचा पाडा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे, आणि शेतं कुठेच नाहीत.

"तेव्हा पहिल्या दिवशी काढल्या असत्या तर?" लाहू म्हणाला. "म्हणून या वेळी काढल्या."

मागून एक म्हातारी म्हणाली, "पट्टी लागली का जमीन गेली."

मला आधी राग आला होता, चोर म्हणून. आता कोणावर रागवावं ते कळेना. आणि राग आला नाही की मला बोलता येत नाही. चंद्रावतीच बोलली.

"अगो, ही मोजणीची बाई नाय. ही येडी हाय. हिला डोंगरावर पळायचं हाय."

"कशाला?"

"कशाला नाय. असंच."

पाडा हसला. इतका हसला की मी पण हसले. मग सगळं समजावलं: लोक येतील, पळतील, जातील, पट्ट्या मी स्वतः सोडून नेईन.

लाहू म्हणाला, "मंग दुसरा रंग घे, बाय. पिवळा घे. आमाला वळकता येल."

मी म्हटलं, मुळीच नाही. सगळ्यांच्या फोनवर नकाशा गेला आहे, सूचना गेली आहे, नारिंगी पट्टीमागून जा. आणि मुळात आपण का बदलायचं? नारिंगी रंग मोजणीवाल्यांनी विकत घेतला आहे का? "माझा शब्द घ्या. या डोंगरावर नारिंगी पट्टी दिसली तर ती माझी. तिला हात लावू नका."

त्यांनी आपसात बोलून घेतलं. त्यांच्या बोलीत, मला अर्धंच कळलं. मग लाहूने मान हलवली. "बायचा शब्द."

तिथून सरळ तहसील कचेरीत. लाहू आणि मी, एकाच बाकावर. परवानगी परत मिळाली.

२९ जानेवारी, बुधवार

पट्ट्या परत बांधल्या. या वेळी पाड्यातल्या चार बायका मदतीला. त्यांतली एक शेळीवाली. माझी गाठ बघून म्हणाली, "सुटत नाय तुझी. दात लावायला लागला होता."

कौतुक म्हणून घेतलं.

२ फेब्रुवारी, रविवार

पळाले!

पहाटे थंडी, पायथ्याशी सगळी मुंबईची पोरं, पाठीवर पाण्याच्या पिशव्या, नळ्या तोंडात. आमच्याकडे बघून एक म्हणाली, "सो क्यूट." मी तिच्याकडे असं बघितलं की नळी तोंडातून पडली.

पहिला चढ मी चंद्रावतीच्या पुढे. कातळाशी ती पुढे. तिने बूट काढून गळ्यात अडकवले होते. "पायाला काय दिसत नाय यात," म्हणाली. प्रत्येक पट्टीशी पाड्यातलं कोणीतरी उभं. हात उंच करून वाट दाखवत, आणि पट्टीवर लक्ष ठेवून, जणू देवाला वाहिलेली. एका मुंबईवाल्याने फोटोसाठी पट्टी ओढली तर म्हातारीने त्याला काठी दाखवली. "बायची हाय ती!"

माथ्यावर श्वास संपला. कंबरेत वाकून उभी राहिले. खरं लिहिते, क्षणभर वाटलं, इथेच बसावं, शैलेश जिंकला म्हणावं. चंद्रावती म्हणाली, "बाई, वर मासळी विकायची असती तर मी एव्हाना विकून परत गेले असते." तेवढ्यावर उठले.

उतार म्हणजे नुसता आनंद. पाय आपोआप. सिस्टर बेनेडिक्टाने बघायला हवं होतं.

शेवटून दुसरी आले. शेवटचा तो फोटोवाला. चंद्रावती माझ्या आधी, आणि ते ती मला मरेपर्यंत ऐकवणार. जिग्नेश आला, वाकून नमस्कार केला. "आंटी, पुढच्या साली साठीची अट काढतो." म्हटलं, काढ. आणि तू पण पळ.

लाहूने गुळाचा चहा दिला. म्हणाला, "काय मिळालं वर?" म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "मंग बराय."

४ फेब्रुवारी, मंगळवार

पट्ट्या सगळ्या सोडून आणल्या. शेवटची सुद्धा. शब्द म्हणजे शब्द.

गुडघा बोलत नाहीये. मी पण त्याच्याशी बोलत नाहीये.

१० फेब्रुवारी, सोमवार

शैलेशने फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं, "माझी आई." आता म्हणे माझी!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लाहूचा फोन आला. "बाय, परत शर्यत लावलीस का? पाड्यामागं नारिंगी पट्ट्या हायत. आठ दिस झाले. दोन मानसं आली, बांधून गेली. आमी तुझी समजलो. कोनी हात नाय लावला. चहा पाजला त्यांना."

मी म्हटलं, लाहू, मी काही बांधलेलं नाही.

त्याने फोन बाजूला केला. मग मागे कोणाला तरी सांगताना ऐकू आलं, "तिच्या नायत."

चंद्रावतीला निरोप पाठवला आहे. पहिली जीप पकडायची.