मिश्री उपवासाला चालते

१२ जानेवारी, सोमवार

धुकं! गोदामाई दिसेना, नुसती तिची वाफ. मिश्री लावून ओट्यावर बसले, माळ घेतली. चार मणी सरकले की डोकं हलकं होतं, अंग कुणी ओट्यावरून अलगद उचलल्यासारखं. पलीकडच्या काठावरची घंटा पाण्याखालून वाजते. मग रामराया येऊन शेजारी बसतो. बोलत नाही. मीही नाही.

अशी तंद्री सगळ्यांना लागत नाही. शेजारची वत्सलाबाई तासभर जप करते आणि सगळा वेळ कोंबड्या हाकलते!

१३ जानेवारी

मारुतीच्या मंडपात बायकांची तपासणी. उपकेंद्राच्या उज्ज्वला सिस्टर एकेकीला विचारत होत्या — तंबाखू खाता का? सगळ्या नाही म्हणाल्या. मीही. गळ्यात माळ आणि तंबाखू? शिव शिव!

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "बरं, दात कशानं घासता?"

एकच गलका — मिश्री! मिश्री!

"आणि ती कशाची करता, काकू?"

मी म्हटलं, तंबाखू तर तव्यावर जळून जाते. उरते ती राखुंडी. उपवासाला चालते! मी हिशेबात तिला साबण-सोड्याच्या ओळीत लिहिते. वत्सलाबाई लगेच — "सिस्टर, हिची बंद करू नका, हिचा देव रुसंल! लय लाडाचा हाय!"

सगळ्या हसल्या. सिस्टर बॅटरी लावून माझ्या तोंडात बघत होत्या. फार वेळ बघत होत्या. गालाच्या आतून पांढरा चट्टा आहे म्हणे.

दुखत नाही, म्हटलं.

"म्हणूनच मी गावोगाव फिरते, काकू. दुखायला लागल्यावर सगळेच येतात."

कॅन्सरच्या आधीचा असू शकतो. नाशिकला नेऊन तुकडा तपासायचा. मिश्री आजपासून बंद.

१४ जानेवारी

संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी. पोटात काही नाही, तोंडात काही नाही. मणी म्हणजे नुसते मणी. घंटा पलीकडेच वाजली.

कुणी आलं नाही.

१५ जानेवारी

वरणात मीठ नाही म्हणून ह्यांच्यावर ओरडले — वरण मीच केलेलं! हे निमूट सायकल काढून गेले आणि बाजारातून तंबाखूची पुडी घेऊन आले. हातात ठेवली. "भाज बाई. तुझं तोंड बघवत नाही." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, इतक्या हळू आवाजात कधी बोलले नव्हते.

तवा ठेवला. तेवढ्यात दारात सिस्टर!

मी बरसलेच. "तुम्ही माझा देव नेलात!" मग सगळं सांगून बसले — तंद्री, अंग उचलणं, त्याचं येणं. ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं.

त्या हसल्या नाहीत. माझ्याजवळ बसल्या. "काकू, मळ्यातली साळूबाई आहे ना, तिचंही अंग असंच उचलतं. पहाटे, रिकाम्या पोटी मिश्री लावली की. आणि ती तर देवाला हातसुद्धा जोडत नाही."

मग इतकी वर्षं माझ्या शेजारी कोण येऊन बसत होतं?

रागानं पुडी बंबात टाकली. घरभर धूर, सगळ्यांना ठसका. हे म्हणाले, "घ्या, आता आंघोळीच्या पाण्यालाही मिश्री!"

१९ जानेवारी

सिस्टर आणि मी एसटीनं नाशिकला. रस्ताभर द्राक्षबागा, धुक्यात तरंगणाऱ्या. घडांना कागद बांधलेले — बाळांना टोपडी घातल्यासारखे. वाटलं, गाडी अशीच जात राहावी, दवाखाना येऊच नये.

आला. गालातला इवलासा तुकडा घेतला. सुई टोचली तेव्हा रामाचं नाव आलं नाही. आई गं, म्हटलं.

२२ जानेवारी

पेस्टचा केवढा फेस! जेवण जात नाही. जप केला, पण आत काही हललं नाही. वत्सलाबाई म्हणाली, "माझ्यासारखी कोंबड्या पाळ. देव नाय आला तरी येळ जातो."

२५ जानेवारी

धुकं विरलं. पलीकडचा काठ झाड न् झाड स्वच्छ. इतकं स्वच्छ बघवत नाही.

२८ जानेवारी

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण त्याच्या वाटेला लागलेलं आहे. आठवड्याभरात चट्टा काढणार, मग दर काही महिन्यांनी तपासणी. सिस्टर म्हणाल्या, वेळेत सापडलं, आता परत मात्र मिश्रीकडे वळायचं नाही.

त्या गेल्यावर देवापुढे बसले. माळ घेतली नाही. डोकं जड, लख्ख जागी. भीतीनं दात वाजत होते. मोठ्यानं म्हटलं — रामा, मला जगायचंय रे!

इतकी वर्षं त्याचं नाव घेत आले. त्याच्याशी बोलले आज.